शुक्रवारी उभी केलेली गाडी सोमवारी का उठत नाही?

पत्र : मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, नोकरी रबाळ्याला. गेल्या दिवाळीत एका एजंटकडून २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. पासिंग एमएच-०५, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. सुरुवातीला गाडी छान चालली. मग शुक्रवारी संध्याकाळी उभी केली की सोमवारी सकाळी सेल्फच घेईना. नवी बॅटरी टाकली, ऑल्टरनेटर रिपेअर केला, तरी तेच. शिवाय पाऊण-एक तास ट्रॅफिकमध्ये चालली की माजिवड्याला नाहीतर विटाव्याला एकदम बंद पडते. पंधरा-वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते. चेक इंजिनचा दिवा पावसात लागतो, गॅरेजवाला घालवून देतो, चार दिवसांत परत हजर. तीन गॅरेजं झाली. प्लग, कॉइल, फ्युएल पंप बदलून झाले, ३८ हजार रुपये गेले. ‘मॅडम, जुनी गाडी म्हटल्यावर हे चालायचंच,’ असं सगळे सांगतात. गाडीत ओल्या कपड्यांसारखा वासही येतो, पण ते गौण. मिस्टर म्हणतात, विकून टाक. विकू का? आणि एजंटकडून पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर :

ताई, विकू नका. निदान आत्ताच नको. आणि कारण हातात येईपर्यंत एकही नवा पार्ट टाकू नका.

तुम्ही ज्याला गौण म्हणता तो ओला वास मला मुळीच गौण वाटत नाही. तुमच्या पत्रात माझी नजर पहिल्यांदा तिथेच अडकली. बॅटरी उतरते, गाडी तापली की बंद पडते, पावसात दिवा लागतो. तीन गॅरेजांनी या तीन वेगळ्या तक्रारी धरल्या आणि प्रत्येकीसाठी वेगळा पार्ट बदलला. पण हे सगळं विजेच्या वाटेवर घडतंय, आणि त्या वाटेवर कुठेतरी ओल आहे. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण तो तपासायला फारसा खर्च नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि शनिवारची सकाळ पुरे.

आधी बॅटरीचं बघू, कारण तिथे गणित सरळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी सात म्हणजे ६० तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, रिमोट लॉक, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी थोडा करंट खातात. हा खप ०.०५ अँपिअरपर्यंत असला तर त्यात गैर काही नाही. ६० तासांत तो तीनच अँपिअर-अवर होतो, बॅटरीला कळतसुद्धा नाही. पण समजा डिकीतला पाच वॅटचा दिवा डिकी लावल्यावरही जळत राहतो. तो ०.४ अँपिअर खातो. ६० तासांत २४ अँपिअर-अवर, म्हणजे दोन-तृतीयांश बॅटरी साफ. सोमवारी सेल्फ ‘टक’ करून गप्प बसणार. आठवड्यात रोज गाडी चालते तेव्हा रात्रीचा तोटा दिवसा भरून निघतो, म्हणून मंगळवार ते शुक्रवार काही जाणवत नाही. दोष बॅटरीचा असता तर नवीन टाकल्यावर प्रश्न मिटला असता. तो मिटला नाही, म्हणजे कुणीतरी बंद गाडीतून वीज पितंय. वायरिंगवाले याला ड्रेन म्हणतात.

डिकीच्या दिव्याची शहानिशा मोबाइलवर होते. व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवा, डिकी लावा, अर्ध्या मिनिटाने काढून बघा. व्हिडिओत अंधार दिसला तर दिवा निर्दोष सुटला.

आता मीटर. गाडी पूर्ण बंद, किल्ली घराच्या आत, बोनेट उघडं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल ढिलं करून काढा. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं काढलेल्या केबलच्या क्लॅम्पला. आता सगळा करंट मीटरमधून जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर झोपी जायला अर्धा तास लागू शकतो. तोवर दार उघडू नका, आणि मीटर जोडलेलं असताना सेल्फ तर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अर्ध्या तासाने आकडा ०.०५ च्या वर असला तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा धपकन खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने आधीच ‘लागलेलं’ करून ठेवा, नाहीतर आतला दिवा पेटून सगळं वाचन बिघडतं.

हे स्वतः करावंसं वाटत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण तुमच्या समोर करायला सांगा आणि आकडा वहीत लिहा. सेकंडहँड गाडीत चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या मालातच सापडतो. म्युझिक सिस्टीमची मेन लाइन थेट बॅटरीवर मारलेली, रिव्हर्स कॅमेरा, बाजारू सेंट्रल लॉक, सीएनजी किटच्या कंट्रोलरची सप्लाय. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही : आधीच्या मालकाने किंवा फायनान्स कंपनीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर. डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेली काळी डबी दिसली तर ती बॅटरी खाते हा भाग वेगळा, तुम्ही कुठे जाता-येता हेही कुणालातरी कळतंय. काढायला लावा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर मात्र तो ‘रिपेअर केलेला’ ऑल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा पार्ट, संशयात येतो. त्यातला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लीक असला की गाडी बंद असताना बॅटरी उलटी त्याच्यातून उतरते. इलेक्ट्रिशियन ऑल्टरनेटरची जाडी वायर सोडवून बघेल. आकडा पडला की निकाल लागला. गाडी चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान मिळत असलं म्हणजे चार्जिंग होतंय एवढंच कळतं, डायोड निर्दोष ठरत नाही.

आता माजिवडा आणि विटावा.

गाडी तिथे कशी बंद पडते हे तुम्ही एका शब्दात लिहिलंय, ‘एकदम’. फार मोलाचा शब्द आहे. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडीने आधी आचके दिले असते, पिकअप गेला असता, मग मान टाकली असती. स्विच बंद केल्यासारखी मरते तेव्हा बहुधा इग्निशनची किंवा सप्लायची बाजू असते. पंप बदलूनही फरक पडला नाही, हे त्याला धरूनच आहे.

एक माहिती मात्र पत्रात नाही : बंद पडते तेव्हा गाडी गॅसवर असते की पेट्रोलवर? बाहेरून बसवलेलं आजचं किट गाडी पेट्रोलवर चालू करतं आणि इंजिन गरम झालं की गॅसवर टाकतं. म्हणजे तासाभराच्या प्रवासात तुम्ही विटाव्याला गॅसवरच असणार. तर एक आठवडा गॅसचा स्विच बंद ठेवा आणि फक्त पेट्रोलवर जा-ये करा. खिशाला थोडं जड जाईल, पण या आठवड्याने जे कळेल ते ३८ हजारांत कळलं नाही. पेट्रोलवर आठवडाभर गाडी एकदाही मेली नाही, तर गॅसच्या बाजूला शोधा : रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर (पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल साचून तो चोंदतो), किटच्या वायरींचे जोड. दोन्हींवर मेली, तर जे दोघांना समाईक आहे तिथे शोधा, आणि मग पहिला मान क्रँक सेन्सरचा.

क्रँक सेन्सर म्हणजे इंजिन फिरतंय की नाही हे ईसीयूला सांगणारा चिमुकला पार्ट. तो गेला की ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं, म्हणून स्पार्कही बंद आणि इंधनही बंद. जुना झाला की आतला जोड गरम झाल्यावर सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा लागतो. तुमची पंधरा-वीस मिनिटं बरोबर इथे बसतात. पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. एरवी सेल्फवर तो थोडा उचलतो; मेल्यासारखा शून्यावर पडून राहिला तर संशय बळावला. खात्री गॅरेजमध्येच होते. स्कॅनर लावून, हॉट एअर गनने सेन्सर तापवून, स्क्रीनवरचा आरपीएम गायब होतो का बघायचं. झाला, तर पार्ट बदला, आणि ओरिजिनलच टाका. या सेन्सरच्या स्वस्तातल्या नकला काही महिन्यांत पुन्हा हाच खेळ करतात. बदलण्याआधी त्याचा कनेक्टर काढून आत तेल किंवा पाणी आहे का ते मात्र आवर्जून बघायला लावा.

बंद पडताना काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण कापूरबावडीच्या पुलावर किंवा गायमुखच्या चढावर हे झालं तर मागून ट्रक असतात. इंजिन मेलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच ठामपणे दाबा. हॅझर्ड लावा, गाडी वाहती असेल तोवर डावीकडे घ्या. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

चेक इंजिनच्या दिव्याबद्दल मला गॅरेजवाल्यांचा खरा राग येतो. दिवा ‘घालवून देणं’ म्हणजे पुरावा पुसणं. दिवा लागतो त्या क्षणी ईसीयू नुसता कोड लिहून ठेवत नाही; तेव्हा वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता याचीही एक नोंद ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवला की हे सगळं पुसलं जाऊ शकतं. तेव्हा आता पावसात लागला की तसाच ठेवून स्कॅन करून घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लागतो. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३०० म्हणजे मिसिंग (इंजिनात इंधन मधेच पेटत नाही), पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी ०१७१ म्हणजे इंधन कमी-हवा जास्त. पण कोड पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. पी ०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणणारे पुष्कळ भेटतील. प्रत्यक्षात ती तडकलेली हवेची नळी असू शकते, किंवा गॅस किटचं ट्यूनिंग बिघडलेलं. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर तुम्ही स्वतःही घेऊ शकता, पण तो सॉकेटमध्ये लावून विसरू नका, तोसुद्धा बॅटरी खातो. आणि दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकायला लागला, तर पाय हलका करा आणि लवकर थांबा. त्या मिसिंगमध्ये न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो पार्ट महाग आहे.

आता तो वास.

एमएच-०५ म्हणजे कल्याण आरटीओ. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर सगळं त्यातच येतं. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ते आठवत असेल. बदलापूर परिसरात तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं. तुमची गाडी त्या पाण्यात होती असं मी म्हणत नाही. पासिंगवरून तसा आरोप करणं चुकीचं ठरेल. पण बघून घ्यायला काय हरकत आहे? पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आडवा मातकट डाग आहे का बघा. सीटच्या रुळांखालच्या बोल्टवर गंज. स्टेपनी काढून त्या खळग्यात बारीक गाळ. मग ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट कडेने उचला आणि खालच्या फोमवर टिश्यू पेपर दाबून धरा. वरून कोरडं दिसणारं कार्पेट खालून आठवडेच्या आठवडे ओलं राहतं.

यात काहीच जुनं सापडलं नाही, पण फोम ओला निघाला, तर पाणी आजही येतंय. फक्त शेजारच्या सीटच्या पायाशी ओल असेल आणि पाऊस नसतानाही येत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे, फुंकर मारून मोकळी होते. पावसातच येत असेल तर विंडशील्डखालची जाळी उघडा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे पानांचा चिखल साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. वास गोडसर असेल आणि काचेवर आतून चिकट धूर बसत असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे.

मी यावर एवढा का अडून बसलोय? कारण डॅशबोर्डच्या खाली, पायांच्या बाजूच्या प्लास्टिकमागे, वायरींचे मोठे कनेक्टर आणि अर्थिंगचे (निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारे) बोल्ट असतात. त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली की जिथे करंट जायला नको तिथे जातो आणि जिथे हवा तिथे पुरेसा पोचत नाही. पावसात दिवा लागणं, बंद गाडीत ड्रेन, गरमीत एसी-फॅन-हेडलाइट चालू असताना ईसीयूला व्होल्टेज कमी पडणं, सगळ्याला हे एक कारण पुरतं. बोनेटखालची अर्थिंगही एका मिनिटात तपासता येते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल वायर इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पॉइंट दोन-पॉइंट तीन व्होल्ट दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सडली आहे. ती काढून, घासून, नाहीतर नवी टाकून घ्या. याला नवा ऑल्टरनेटर लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी कोरडं करणं आणि अर्थिंग साफ करणं, मग ड्रेन, मग पेट्रोलचा आठवडा, आणि शेवटी सेन्सर. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी बघा’ म्हणू नका. ‘तपासणीचे पैसे वेगळे देते, मला आकडे आणि फोटो द्या, पार्ट मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही आणि जुना पार्ट माझ्या हातात द्यायचा,’ असं सांगा. यावर जो नाक मुरडेल त्याच्याकडे गाडी सोडू नका. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून एसी लावून गर्दीच्या वेळी घोडबंदरवर तासभर फिरवा. थंड इंजिनवर गल्लीत मारलेल्या चक्करला तुमच्या तक्रारीत काहीच किंमत नाही.

बाहेरून बसवलेलं किट आहे म्हणून दोन कागद आजच बघा. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं चढवलेलं हवं, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी झालेली हवी. तारीख प्लेटवर असते. टेस्टची मुदत संपली असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते करा. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो.

एजंटचं थोडक्यात. एखाद्याने घरची गाडी विकली तर ग्राहक कायद्यात त्याला पकडता येत नाही. पण गाड्यांचा धंदाच करणारा एजंट असेल आणि त्याने दोष लपवला हे दाखवता आलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. म्हणून कार्पेटखालचे फोटो, स्कॅनचे फोटो, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते, ती त्याच्याकडे आहे का विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवून जुन्या जॉब कार्डांचा इतिहासही मागा. २०१९ मध्ये तिथे ‘फ्लड’ असं काही लिहिलेलं असेल तर तुमचं अर्धं काम झालं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. पूर्ण पैसे मिळतील अशी आशा धरू नका, पण दुरुस्तीच्या खर्चावर तडजोड होऊ शकते.

मिस्टरांना सांगा, गाडीची नोंदणी अजून २०२९ पर्यंत आहे, आणि दोष न शोधता विकायला काढली तर गिऱ्हाईक त्याचीच किंमत पाडून मागेल. विकायचा विचार एकाच बाबतीत करा : कार्पेटखालची मुख्य वायरिंग लांबपर्यंत हिरवी पडलेली निघाली तर. मग ती दुरुस्त करत बसू नका, पुढच्या माणसाला स्पष्ट सांगून द्या. आणि पाऊस आहे तोवर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी दिसलं तर उगाच गाडी घालू नका, ऐरोली पुलाकडून वळसा पडला तरी चालेल.

ड्रेनचा आकडा आला की तेवढा कळवा. फ्यूज काढल्यावर पडला असेल तर कोणत्या फ्यूजला तेही लिहा, ०.०५ च्या आतच निघाला तर बॅटरी १२.६ व्होल्ट धरते का, ते चार्ज करून रात्रभर सोडल्यावर मोजून पाठवा. मग पुढचं सांगतो.